कसलेले वैमानिक छोट्या विमान कंपनीत का थांबतात?

डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा सत्तावीस वर्षांचा मुलगा एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर या सत्तरेक आसनांच्या, पंख्यांवर चालणाऱ्या विमानावर को-पायलट आहे. त्याचे उड्डाणाचे दीड हजार तास पूर्ण होत आले आहेत, त्याच्या बरोबरीचे बहुतेक मित्र मोठ्या कंपन्यांत एअरबसच्या जेट विमानांवर गेले आहेत आणि तोही अर्ज करण्याच्या विचारात आहे. मात्र ज्या कॅप्टनबरोबर त्याची सर्वाधिक उड्डाणे झाली, त्या बावन्न वर्षांच्या अनुभवी वैमानिकाने मोठ्या कंपनीचे बोलावणे दोनदा नाकारले. इतका कसलेला माणूस छोट्या कंपनीत का थांबतो, त्याच्यात काही उणे आहे का, की आपल्याला न दिसणारे काही त्याला दिसते, असा प्रश्न त्या घराला पडला आहे.

मी गेली एकवीस वर्षे प्रवासी विमाने उडवतो आहे, त्यांतील बहुतेक एटीआर, आणि मागील नऊ वर्षे नव्या को-पायलटना शिकवतोही आहे. राहतो विलेपार्ल्यात. शिवाय मी स्वतः मोठ्या कंपनीत जाऊन परत आलेला माणूस आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मला आतून माहीत आहेत. आपला प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण या निर्णयावर एखाद्या घराची पुढची तीस-पस्तीस वर्षे ठरतात आणि तो बहुधा पगाराचा एकच आकडा पाहून घेतला जातो.

प्रथम 'उणे' असण्याविषयी. छोट्या कंपनीच्या कॅप्टनसाठी वेगळा, हलका परवाना नसतो. एअरबस उडवणाऱ्याला आणि एटीआर उडवणाऱ्याला एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवान्यासाठी तेच दीड हजार तास आणि डीजीसीए या सरकारी विमान नियामक संस्थेच्या त्याच परीक्षा लागतात. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसून इंजिन बंद पडल्यावर विमान कसे सांभाळता, हे दाखवण्याची सक्तीही दोघांना सारखीच आहे. फरक असलाच तर असा, की एटीआर ७२ चे कमाल वजन २३ टन आणि एअरबस ए-३२० चे सुमारे ७९ टन, म्हणजे तिप्पट-चौपट. वजनाबरोबर पगार वाढतो. कसब त्या प्रमाणात वाढते असे मात्र मला कधी आढळले नाही.

आता मुद्द्याकडे येतो. वैमानिकाच्या नोकरीत एक गोष्ट इतर नोकऱ्यांहून वेगळी आहे, आणि ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही : येथे अनुभव एका कंपनीतून दुसरीत नेता येतो, पण ज्येष्ठता नेता येत नाही. बँकेतील वीस वर्षांचा अधिकारी दुसऱ्या बँकेत गेला तर वरच्या खुर्चीवर जातो. वैमानिक मात्र दुसऱ्या कंपनीत गेला की तिथल्या ज्येष्ठता यादीत सगळ्यांत शेवटी लागतो, मग त्याच्या वहीत दोनशे तास असोत की दहा हजार. इंडिगोसारख्या कंपनीत पाच हजारांहून अधिक वैमानिक आहेत. तिथे आज रुजू होणाऱ्याचा क्रमांक त्या सर्वांच्या मागे असतो. छोट्या कंपनीत सगळी यादीच साठ-सत्तर नावांची असते आणि दहा-बारा वर्षे टिकलेला माणूस तिच्या पहिल्या पानावर असतो.

हा क्रमांक नुसता मानाचा नाही. कमांड कधी मिळणार, म्हणजे को-पायलटचा कॅप्टन कधी होणार, कोणत्या शहराचा बेस, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते ते ठाणे, मिळणार, दुसऱ्या प्रकारच्या विमानावर जायची संधी आली तर ती आधी कोणाला आणि गणपतीत किंवा मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत रजा कोणाची मंजूर होणार, हे सगळे कमी-अधिक प्रमाणात त्या यादीवर ठरते. आपल्याकडे अमेरिकेसारखी दर महिन्याला ज्येष्ठतेनुसार पसंती नोंदवून रोस्टर, म्हणजे ड्यूटीचे वेळापत्रक, घेण्याची पद्धत रुळलेली नाही, रोस्टर बहुतांशी कंपनीच करते. तरीही बेस आणि कमांड या दोन गोष्टींनीच वैमानिकाचे घर कुठे असेल आणि तो त्या घरात किती रात्री झोपेल, हे निम्म्याहून अधिक ठरून जाते. आपल्या मुलाच्या कॅप्टनसाहेबांनी दोनदा नकार दिला, त्यामागचे सर्वांत वजनदार कारण बहुधा हेच असणार.

माझे स्वतःचे सांगतो. एटीआरवर कॅप्टन होऊन मला चार वर्षे झाली होती, तेव्हा एका मोठ्या कंपनीचे पत्र आले. जेट विमान, दुप्पट होऊ शकणारा पगार, परदेशी उड्डाणे. घरात सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. रुजू होताना खांद्यावरची कॅप्टनची चौथी पट्टी उतरवली आणि तीन पट्ट्यांचा शर्ट घालून पुन्हा को-पायलटच्या उजव्या खुर्चीवर बसलो. त्याचे दुःख नव्हते, विमान नवे असल्याने ते योग्यच होते. पण कमांडची रांग सांगितली होती त्याहून लांबत गेली, आणि यादीच्या तळाशी असल्यामुळे जी उड्डाणे कोणालाच नको असतात ती माझ्या वाट्याला येत राहिली : रात्री अकराला मुंबईहून निघून आखातात जायचे, तासाभरात परत फिरायचे आणि सकाळी सहाला उतरायचे. पार्ल्यात घरी पोहोचायला सात होत. त्याच वेळी माझी मुलगी दप्तर पाठीला लावून शाळेत निघायची. मी आत येताना ती दारातच भेटायची, मी झोपून उठेपर्यंत ती क्लासला गेलेली असायची आणि ती परत येईपर्यंत माझी गाडी पुन्हा दाराशी उभी असायची. एका महिन्यात असे नऊ दिवस झाले, हे तिने कॅलेंडरवर खुणा करून मला दाखवले. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

त्या कंपनीने मला काही फसवले असे मी म्हणणार नाही, सगळे नियमात बसणारे होते. पण चौदा महिन्यांनी मी राजीनामा दिला आणि एका छोट्या कंपनीत एटीआरचा कॅप्टन म्हणून आलो. जुनी कंपनी सोडून गेलेला असल्याने माझी तिथली ज्येष्ठता संपली होती, म्हणून या नव्या ठिकाणीही शेवटच्या क्रमांकापासूनच सुरुवात केली. फरक इतकाच, की यादी त्रेसष्ट नावांची होती. पाच वर्षांत मी पहिल्या वीसांत आलो.

वैमानिकांच्या थकव्याबद्दल पूर्वी बाहेर फारसे बोलले जात नसे. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये ड्यूटीचे सुधारित नियम जाहीर केले, ते २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा मुंबई विमानतळावर अडकलेल्या लोकांना 'रोस्टर' हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला असेल. त्या नियमांनी आठवड्याची विश्रांती छत्तीसवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेली, 'रात्र' मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत धरली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. मोठ्या कंपनीला त्या वेळी काही तरतुदींतून तात्पुरती सूट द्यावी लागली, यावरूनच तिचे वेळापत्रक रात्रीवर किती उभे असते ते कळते. जेट विमान चोवीस तास फिरले तरच त्याचा खर्च निघतो. याउलट प्रादेशिक उड्डाणांतील अनेक छोट्या विमानतळांवर सूर्यास्तानंतर उतरण्याची सोय नसते, किंवा तिथला नियंत्रण कक्ष ठराविक वेळेपुरताच उघडा असतो. त्यामुळे विमानाला संध्याकाळी मुक्कामाला यावेच लागते आणि त्याच्याबरोबर आम्हीही येतो. हैदराबाद किंवा बेंगळुरूच्या बेसवर रात्री उशिराची एटीआर उड्डाणेही असतात, तेव्हा हे सरसकट खरे नाही. तरी मी पहाटे साडेचारला उठून दुपारी तीनला घरी आलो, असे दिवस माझ्या महिन्यात बरेच असतात. पन्नाशीनंतर शरीर पहाटेचे उठणे सोसते, रात्रभराचे जागरण सोसत नाही. हे मी माझ्या आणि माझ्या मित्रांच्या वैद्यकीय तपासण्यांवरून सांगतो आहे.

दुसरे कारण प्रत्यक्ष उडवण्याचे आहे, आणि ते माझ्या अतिशय जवळचे आहे. वर्षभरात वैमानिकाला एक हजार तासांपेक्षा अधिक उडता येत नाही. मी साधारण आठशे तास उडतो. माझा एक सेक्टर, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचे एक उड्डाण, सरासरी एका तासाचा, म्हणजे आठशे उड्डाणे. त्यांतील निम्मी को-पायलटच्या हातची धरली तरी वर्षाला चारशे वेळा विमान मी स्वतः उतरवतो. माझा एक वर्गमित्र मुंबईहून अमेरिकेला जाणारे मोठे विमान उडवतो. पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात चार वैमानिक असतात आणि लँडिंग एकच असते. नव्वद दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग व्हायलाच हवीत, हा नियम पुरा करण्यासाठी त्याला कधीकधी सिम्युलेटरचा आधार घ्यावा लागतो. त्याचे काम कमी प्रतीचे आहे असे मुळीच नाही. ध्रुवाजवळून विमान नेण्यात वेगळे ज्ञान लागते. पण ज्याला विमान हातात खेळवायला आवडते, त्याची तिथे उपासमार होते.

शिवाय एटीआर हे विमानच वैमानिकाला रिकामे बसू देत नाही. त्याला इंजिनाची शक्ती आपोआप कमी-जास्त करणारे ऑटोथ्रॉटल नाही, त्यामुळे वेग राखण्यासाठी हात सतत पॉवर लीव्हरवर असतो. ते पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही, म्हणून पावसाळी ढगांच्या माथ्यावरून निघून जाण्याची सोय नसते. ढगांमधून वाट काढावी लागते. जून ते सप्टेंबरमध्ये आपल्या भागात सोळा ते अठरा हजार फुटांच्या आसपास तापमान शून्याला येते आणि एटीआर नेमके त्याच उंचीवर उडते, तेव्हा पंखांच्या कडांवर बर्फ धरतो आहे का याकडे डोळा ठेवावा लागतो. पंखांच्या पुढच्या कडेला रबरी पट्ट्या असतात, त्या हवेने फुगून बर्फ तडकवतात. खाली सह्याद्रीत धो धो पाऊस चालू असताना वर खिडकीच्या काठावर बर्फाची पांढरी रेघ दिसते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्या को-पायलटचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. त्यानंतरच्या एका पावसाळ्यातली दुपार आठवते. पश्चिमेचा वारा होता, म्हणून समुद्राच्या बाजूने न येता सह्याद्रीच्या अंगाने उतरायचे होते. ढगांचा तळ आमच्या ठरलेल्या किमान उंचीच्या जेमतेम वर होता. विमान को-पायलटच्या हातात होते, त्याचे एटीआरवर एकशे ऐंशीच तास झालेले. ढगातून बाहेर आलो तेव्हा जांभ्याचा तो लाल सडा पावसाने काळपट पडून चकाकत होता, धावपट्टीचे टोक दिसले आणि दुसऱ्याच क्षणी पावसाच्या पडद्यात नाहीसे झाले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, विचारले नाही. तोंडाने 'गो-अराउंड', म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर, असे म्हणाला आणि हाताने पॉवर लीव्हर पुढे केले. मी फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेची झडप, एक टप्पा वर घेतला, विमान चढते आहे हे सांगितले, चाके वर घेतली. आम्ही गोव्याला उतरलो, सव्वा तास थांबलो आणि आकाश मोकळे झाल्यावर चिपीला गेलो. उशीर झाला म्हणून दोन प्रवासी रागावले, आणि त्यांचा राग योग्यच होता. पण तो मुलगा त्या दिवशी वैमानिक झाला. असे दिवस मला इथे वर्षातून पाच-सात वेळा मिळतात. शिकवण्याची आवड असणारे कितीतरी कॅप्टन केवळ याच एका गोष्टीसाठी प्रादेशिक कंपनीत थांबले आहेत, हे मी नावानिशी सांगू शकेन. नवा मुलगा आमच्याकडे आधी येतो, त्याचे हात आमच्यासमोर बसतात.

छोट्या विमानतळांवरची साधनेही आता सुधारत आहेत. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगड येथे इंडिगोच्या एटीआरने 'गगन' या भारतीय उपग्रह प्रणालीच्या आधारे उतरून दाखवले, तेव्हापासून जमिनीवरची महागडी यंत्रणा नसलेल्या धावपट्टीवरही अचूक उतरण्याची वाट मोकळी झाली. ही प्रगती प्रादेशिक विमानांच्या वाट्याला आधी आली, याचा आम्हाला अभिमान आहे.

अमेरिकेतील वैमानिकांविषयीही येथे सांगायला हवे, कारण छोट्या कंपनीत आयुष्य काढणाऱ्यांचा वर्ग तिथे फार मोठा आहे आणि त्यांना 'लायफर' असे नावही आहे. तिथे स्कायवेस्ट, रिपब्लिक यांसारख्या प्रादेशिक कंपन्या डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या मोठ्या कंपन्यांच्या नावाने आणि रंगांत ७६ आसनांपर्यंतची विमाने उडवतात. महिन्याचे वेळापत्रक सर्वस्वी ज्येष्ठतेने ठरते. यादीच्या माथ्यावरचा कॅप्टन शनिवार-रविवार सुट्टी, रोज रात्री घरी आणि राहत्या गावचाच बेस असे वेळापत्रक निवडू शकतो. तोच माणूस पन्नासाव्या वर्षी मोठ्या कंपनीत गेला, तर निवृत्तीच्या पासष्ट वयापर्यंत उरलेल्या पंधरा वर्षांतली पहिली काही वर्षे त्याला राखीव म्हणून फोनजवळ बसून काढावी लागतात, तीही कदाचित दुसऱ्या टोकाच्या शहरात. पूर्वी तिथे प्रादेशिक को-पायलटचा पगार फारच तुटपुंजा होता. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोल्गन एअरचे विमान बफेलोजवळ पडून पन्नास जण गेले. वेग धोकादायकरीत्या घटल्याच्या इशाऱ्याला कॅप्टनने चुकीचा प्रतिसाद दिला, हे अपघाताचे मुख्य कारण ठरले. पण को-पायलट आदल्या रात्री सिएटलहून देश ओलांडून कामावर आली होती, हेही चौकशीत पुढे आले, आणि घर एकीकडे व बेस दुसरीकडे असण्याची किंमत लोकांना कळली. पुढे कायदा होऊन तिथे को-पायलटलाही दीड हजार तासांची अट आली. वैमानिकांची टंचाई झाली, पगार वाढले. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या तीन प्रादेशिक कंपन्यांनी नव्या को-पायलटचे मानधन तासाला ९० डॉलरपर्यंत नेले. त्यामुळे थांबणे आता पूर्वीइतके महाग राहिलेले नाही.

मुंबईकरांसाठी मात्र येथे एक मोठी अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. सांताक्रूझ विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते आणि स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची नेमलेली वेळ, मिळणे वर्षानुवर्षे कठीण होते. सत्तर आसनांच्या विमानाला तिथे सोयीची वेळ मिळणे दुरापास्तच. म्हणून बहुतेक प्रादेशिक कंपन्यांचे मुख्य बेस दुसरीकडे आहेत. फ्लाय ९१ गोव्यात मोपाला आहे, स्टार एअर बेंगळुरूला. छोट्या कंपनीत राहिलो म्हणजे आपोआप घरी राहिलो, असे डोंबिवलीच्या किंवा पार्ल्याच्या माणसाला म्हणता येत नाही. मलाही मधली तीन वर्षे दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहावे लागले. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. तिथे प्रादेशिक विमानांना कितपत जागा मिळते, यावर आमच्यापैकी बऱ्याच जणांचे लक्ष लागलेले आहे.

कंपनी छोटी असण्याचा आणखी एक भाग आहे, तो हिशेबात मांडता येत नाही. आमच्याकडे रोस्टर लावणारी मुलगी मला नावाने ओळखते आणि माझ्या वडिलांचे ऑपरेशन कधी आहे हे तिला माहीत असते. इंजिनिअर, लोडर, केबिन क्रू, सगळे परिचयाचे असतात. छोट्या विमानतळावर आम्ही वीस-पंचवीस मिनिटे उभे असतो. एटीआरला जमिनीवर असताना वीज देणारे वेगळे छोटे इंजिन (एपीयू) नसते, म्हणून उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून रोखतात आणि इंजिन चालू ठेवून वीज व गारवा मिळवतात, त्याला आम्ही 'हॉटेल मोड' म्हणतो. त्या वेळी डाव्या खिडकीतून उतरलेले प्रवासी टर्मिनलकडे चालत जाताना दिसतात. मराठवाड्यातल्या एका मार्गावर मी काही महिने सलग होतो. दर तीन आठवड्यांनी एक बाई मुंबईहून परत जाताना दिसायच्या, छातीशी रुग्णालयाची पिवळी फाइल धरलेल्या, आणि त्यांचा मुलगा त्यांचा हात धरून चाललेला. शेवटी शेवटी त्या एकट्या, बिनधास्त चालत जायच्या. त्यांचे नाव मला माहीत नाही. रात्रभर रेल्वेने जाण्याऐवजी त्यांना तासाभरात घरी पोहोचवणाऱ्या विमानात मी होतो, याचे मोल माझ्या लेखी मोठे आहे.

आता तोट्याची बाजू. पगार कमी असतो, आणि फरक थोडा नसतो. एटीआरच्या कॅप्टनला एअरबसच्या कॅप्टनइतके मिळत नाही, वीस वर्षांच्या बेरजेत त्या फरकाचे मुंबईत एक घर होते. दिवसाला चार ते सहा सेक्टर असतात. लँडिंगची संख्या वाढली की ड्यूटीचे तास नियमानेच कमी होतात, तरी पावसाळ्यातल्या पाचव्या लँडिंगनंतर येणारा थकवा खराच असतो. पंख्यांचा आवाज आणि थरथर कानाला व पाठीला जाणवते.

सर्वांत मोठा धोका कंपनीच्या आयुष्याचा आहे. एअर कोस्टा २०१७ मध्ये थांबली, आणि आपल्या राज्यातल्या लहान शहरांना मुंबईशी जोडणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या सरकारच्या 'उडान' योजनेतील अनेक मार्ग सरकारी अनुदानाच्या तीन वर्षांवर उभे असतात. कॅगने २०२३ मध्ये मांडलेल्या अहवालानुसार दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले ते अवघे ५४. हे आकडे प्रत्येक प्रादेशिक वैमानिकाने वाचले पाहिजेत. मोठेपणानेही सुरक्षितता येत नाही, हे आपण किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडताना पाहिले. तरी मोठ्या कंपनीच्या वैमानिकाकडे जेटचे तास असतात आणि त्यांना बाजारात अधिक किंमत आहे. आखाती कंपन्या जेटचा अनुभव विचारतात, एटीआरचे तास त्यांच्याकडे कमी वजनाचे ठरतात. हा तोटा वयाच्या पन्नाशीत फारसा लागत नाही, पंचविशीत फार लागतो.

म्हणून आपल्या चिरंजीवांना त्यांच्या कॅप्टनचा निर्णय जसाच्या तसा लागू होत नाही. बावन्न वर्षांच्या माणसाकडे तेरा वर्षे उरली आहेत. त्यांतले एखादे वर्ष नोटीस पिरियडमध्ये जाईल, कारण २०१७ पासून कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. त्यानंतर नव्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची मान्यता, मग प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचे लाइन ट्रेनिंग आणि पुन्हा कमांडची रांग. हातात येणारी चांगली वर्षे सात-आठ, आणि त्यांच्यासाठी आज मिळणारा बेस, पहिल्या पानावरचा क्रमांक व शिकवण्याचे काम सोडायचे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही नाहीच म्हटले असते. आपला मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे, त्याच्यापुढे अडतीस वर्षे आहेत. त्याने यादीच्या तळापासून सुरुवात केली तरी वर चढायला त्याला वेळ आहे, आणि जितक्या लवकर तो रुजू होईल तितके यादीत त्याच्या खाली येणारे लोक अधिक असतील.

माझे मत विचारलेत तर ते कमांडच्या तारखेवर अवलंबून आहे. सध्याच्या कंपनीत दीड-दोन वर्षांत कमांड मिळण्याची खरी शक्यता असेल, तर ती घेऊनच त्याने निघावे किंवा राहावे. कॅप्टन म्हणून केलेले हजार-पाचशे तास कोणत्याही दारात उपयोगी पडतात, आणि स्वतः निर्णय घेण्याची सवय त्या वयात लागली की ती जन्मभर टिकते. कमांड चार-पाच वर्षे लांब असेल आणि घरावर प्रशिक्षणाचे कर्ज असेल, तर त्याने जावे आणि त्याबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नये. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना छोट्या कंपनीत निष्ठेने थांबण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.

'खरी शक्यता' कशी ओळखायची, तर तोंडी आश्वासनावर न जाता त्याने मागील तीन वर्षांत किती को-पायलटना कमांड मिळाली, ताफ्यात किती विमाने प्रत्यक्ष उडत आहेत आणि किती सुट्या भागांअभावी उभी आहेत, हे मोजावे. पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला जमा होतो, आणि गेल्या वर्षभरात ती तारीख किती वेळा पुढे गेली, हे त्याला स्वतःच्या पासबुकातच दिसेल. ज्या मोठ्या कंपनीत जायचे आहे, तिथल्या दोन कनिष्ठ को-पायलटकडून त्यांच्या मागील सहा महिन्यांच्या रोस्टरच्या प्रती मागून घ्याव्यात आणि घरी घालवलेल्या रात्री आपण बाप-लेकांनी एकत्र बसून मोजाव्यात. बाँडची, म्हणजे ठराविक काळ कंपनी न सोडण्याच्या कराराची, शिल्लक मुदत व सोडल्यास भरावी लागणारी रक्कम करारपत्रातून लिहून काढावी, ऐकीव आकड्यावर जाऊ नये. आणि त्याच्या कॅप्टनसाहेबांना त्याने एखाद्या मुक्कामाच्या संध्याकाळी, विमानात नव्हे, सरळ विचारावे, की तुम्ही माझ्या वयाचे असताना हे बोलावणे आले असते तर काय केले असते. माझा अंदाज आहे, की ते त्याला जा म्हणतील.